वाचक विचारतात : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी साउंड कार्ड कोणते घ्यावे?

घरातल्या संगणकावर ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख ऑडिओ इंटरफेसकडे, म्हणजे वादकांच्या आणि दुकानदारांच्या बोलीत ज्याला साउंड कार्ड म्हणतात त्या छोट्या पेटीकडे आहे. माइकचा क्षीण विद्युत संकेत वाढवणे, त्याचे अंकांत रूपांतर करून तो संगणकाला देणे आणि संगणकाकडून आलेले अंक पुन्हा आवाजात बदलून हेडफोनपर्यंत पोचवणे, एवढेच तिचे काम असते. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी शास्त्रीय गायनाचे वर्ग घेतो. घरी विंडोजचा लॅपटॉप आहे. गाणे, पेटी आणि तबला एकत्र चालू असताना ध्वनिमुद्रण करायचे आहे. दुकानदार दोन चॅनेलचे साउंड कार्ड सुचवतो, तर माझा एक विद्यार्थी चार चॅनेलचे घ्या म्हणतो. पंचवीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. (सांगली)

उत्तर : आपला विद्यार्थी बरोबर सांगतो आहे, आणि त्याचे कारण आपण गात असलेल्या संगीतातच आहे. भावगीत किंवा चित्रपटगीत ध्वनिमुद्रित करताना आधी ठेका, मग पेटी, मग गाणे असे थर एकावर एक चढवता येतात आणि तेथे दोनच काय, एका चॅनेलवरही काम भागते. ख्यालात मात्र तबलजी गायकाची आवर्तने ऐकत वाजवतो, पेटी गायकाच्या जागा पकडत मागून येते आणि समेवर येताना तिघांचे एकमेकांकडे लक्ष असते. हे सारे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे मुद्रित केले तर तिघांचे वाजवणे अचूक असूनही बैठक उरत नाही. म्हणून एकाच वेळी किती माइक उघडे राहणार हे प्रथम मोजावे. गायकाला एक, पेटीला एक आणि तबल्याला दोन, म्हणजे दाया आणि डग्गा यांना स्वतंत्र, असे चार होतात. चारही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर राहिले तर डग्गा जड झाल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले तरी तो कमी करता येतो; दोन ट्रॅकवर एकत्र झालेले आवाज नंतर सुटे करता येत नाहीत.

येथे एका गोष्टीत फसगत होण्याचा संभव फार आहे. साउंड कार्डाच्या नावातला आकडा हा माइकच्या प्रीॲम्पचा, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागांचा, आकडा नसतो. फोकसराइटच्या स्कारलेट ४आय४ या मॉडेलला चार इनपुट आहेत हे खरे, पण त्यांतील माइकचे प्रीॲम्प दोनच असून उरलेले दोन इनपुट कीबोर्डसारख्या लाइन पातळीच्या, म्हणजे मुळातच मोठा संकेत देणाऱ्या, वाद्यांसाठी आहेत. मोटूच्या एम४चीही तीच गोष्ट आहे. दोन्ही यंत्रे उत्तम आहेत, परंतु आपल्या कामाची नाहीत, कारण लाइन इनपुटला माइक जोडला तर आवाज जवळजवळ ऐकूच येणार नाही. दुकानात गेल्यावर तीन पिनांची एक्सएलआर जोडणी घेणारी भोके प्रत्यक्ष मोजावीत. आपल्या रकमेत बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी हा चार खऱ्या प्रीॲम्पचा पर्याय बसतो आणि माइकच्या तारा व स्टँड यांसाठीही काही पैसे उरतात. पुढे कधी आठ माइकांची गरज भासेल असे वाटत असेल, तर ऑडियंटच्या आयडी१४सारखे, ऑप्टिकल इनपुट असलेले यंत्र घेऊन त्याला नंतर आठ चॅनेलचा वेगळा प्रीॲम्प जोडणे हाही एक मार्ग आहे. मात्र तो एकूण महागच पडतो.

चार चॅनेल घेतले म्हणजे चारही आवाज आपोआप सुटे होतील अशी अपेक्षा ठेवू नये. साध्या दिवाणखान्यात तबल्याचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरणारच. माइक आणि वाद्य यांच्यात जेवढे अंतर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे, हा जुना नियम येथे उपयोगी पडतो : पेटीचा माइक पेटीपासून वीतभर असेल, तर गायकाचा माइक त्या माइकपासून तीन वितींहून लांब असावा. फरशीवर जाड सतरंजी आणि गादी, भिंतीला पडदे आणि खोलीत पुस्तकांचे कपाट एवढी तयारी केली, तर आवाजात जो फरक पडतो तो आपल्या साउंड कार्डाच्या दुप्पट किमतीचे यंत्र घेऊनही पडत नाही.

प्रश्न : गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि सूर डळमळतो. साउंड कार्ड सदोष आहे का? (ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून हाताळत नाही, तर ठराविक संख्येचा गठ्ठा साठला की तो पुढे पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असताना बफर १२८ नमुन्यांचा असेल तर सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६चा असेल तर ५.३ आणि १,०२४चा असेल तर २१.३ मिलिसेकंद एवढा वेळ केवळ गठ्ठा भरण्यात जातो. जाताना एक आणि येताना एक असे दोन गठ्ठे धरावे लागतात. शिवाय रूपांतराचा आणि यूएसबीचा थोडा वेळ त्यात मिळवावा लागतो. कीबोर्ड वाजवणाऱ्याला दहा मिलिसेकंदांचा विलंब फारसा खुपत नाही, पण गायकाला तो खुपतो, कारण त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्यात मिसळून आवाजाला एक पोकळपणा येतो. सूर डळमळण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

याला दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे आपल्या यंत्रावर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण किंवा बटणवजा खटका असेल, तर तो चालू करावा. त्यामुळे माइकचा आवाज संगणकात जाऊन परत न येता यंत्रातूनच हेडफोनला जातो. त्याच वेळी ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करायला विसरू नये, अन्यथा आवाज दोनदा ऐकू येईल आणि आपण पुन्हा यंत्रालाच दोष द्याल. या मार्गात एक उणीव अशी की हेडफोनमध्ये आवाज अगदी कोरडा येतो आणि ज्यांना थोडी गुंज असल्याशिवाय गाताच येत नाही अशा गायकांना तो मानवत नाही. अशांनी स्टाइनबर्गच्या यूआर२२सीसारख्या यंत्राचा विचार करावा, कारण त्यात गुंज देणारी प्रक्रिया यंत्राच्या आतच होते; हेडफोनमध्ये रिव्हर्ब ऐकू येतो, परंतु हवे असल्यास मुद्रण कोरडेच राहते.

दुसरा उपाय ड्रायव्हरचा, म्हणजे यंत्र आणि संगणक यांची गाठ घालणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे, आणि साउंड कार्ड निवडताना आमच्या मते सर्वांत अधिक तपासण्याची आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट हीच आहे. ॲपलच्या संगणकांत कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असल्याने तेथे हा प्रश्न तितका बिकट होत नाही. विंडोजमध्ये मात्र आवाज नेहमीच्या वाटेने गेला तर विलंब वाढतो. तो टाळण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आसिओ ही पद्धत आणली आणि ध्वनिमुद्रणाची बहुतेक सॉफ्टवेअर आजही तिच्यावरच विसंबून आहेत. विंडोज १० मध्ये २०१७ पासून नव्या यूएसबी ऑडिओ उपकरणांसाठी अंगचा ड्रायव्हर आला, त्यामुळे यंत्र जोडताच आवाज येऊ लागतो आणि ग्राहकाला वाटते की सगळे जुळले. पण तो आसिओ ड्रायव्हर नव्हे. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी स्वतंत्र आसिओ ड्रायव्हर आहे का आणि तो शेवटचा कधी सुधारला गेला, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. ज्या यंत्रासोबत उत्पादक स्वतःचा ड्रायव्हर न देता आसिओ४ऑल हे सर्वसाधारण, फुकट सॉफ्टवेअर वापरायला सांगतो, ते यंत्र पॉडकास्टसाठी चालेल, पण गाण्यासाठी घेऊ नये. आपण कोणते यंत्र घेतले आहे हे पत्रात लिहिलेले नाही. परंतु सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आसिओऐवजी एमएमई किंवा डायरेक्टसाउंड असे विंडोजच्या नेहमीच्या वाटेचे नाव दिसत असेल, तर तेच बदलावे.

आणि हेडफोन ब्लूटूथचा असेल तर वरचे सारे व्यर्थ आहे. साध्या ब्लूटूथ हेडफोनचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. ध्वनिमुद्रणाला तारेचाच हेडफोन हवा.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झची क्षमता असलेले साउंड कार्ड घेतल्यास आवाज अधिक चांगला येईल का? (अमरावती)

उत्तर : नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असून ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या नमुनादरात, म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले तरी, ती पूर्णपणे सामावते. चित्रफितीसाठी काम करायचे असेल तर ४८ ठेवावा, एरवी दोन्ही सारखेच. १९२ किलोहर्ट्झवर २४ बिटांचा एक चॅनेल तासाला दोन गिगाबाइटांहून अधिक जागा खातो, तर ४८वर तेच काम सुमारे ५२० मेगाबाइटांत होते. बिटांचा आकडा मात्र महत्त्वाचा आहे : २४ बिटांवर मुद्रण करताना आवाजाची पातळी खाली, म्हणजे शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवता येतात आणि एखादी तान अचानक चढली तरी आवाज फाटत नाही. आज मिळणारी जवळजवळ सर्वच यंत्रे २४ बिटांची आहेत. अगदी स्वस्त मॉडेल घेताना तेवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : पॉडकास्टसाठी शुअरचा एसएम७बी माइक घेतला. साउंड कार्डाचा गेन पूर्ण वाढवला तरी आवाज बारीक येतो आणि मागे सूं असा आवाज ऐकू येतो. माइक परत करावा का? (पुणे)

उत्तर : माइक परत करू नये. एसएम७बी हा फार कमी विद्युत दाब निर्माण करणारा डायनॅमिक माइक आहे. उत्पादकाने त्याची संवेदनक्षमता उणे ५९ डीबीव्ही इतकी दिली आहे आणि त्याला साधारण ६० डेसिबल एवढा गेन, म्हणजे संकेताची वाढ, लागतो. नेहमीचा कंडेन्सर, म्हणजे वीज पुरवावी लागणारा अधिक संवेदनशील माइक त्याच्यापेक्षा वीस ते पंचवीस डेसिबलने अधिक संकेत देतो, त्यामुळे त्याच यंत्रावर तो भरभरून वाजतो. आता यंत्राची बाजू पाहू. स्कारलेट २आय२च्या तिसऱ्या पिढीत गेनचा पल्ला ५६ डेसिबल होता, तो २०२३च्या चौथ्या पिढीत ६९ झाला. पण त्याच चौथ्या पिढीतल्या धाकट्या सोलो मॉडेलचा पल्ला मात्र ५७च आहे. एकाच घराण्यातल्या दोन भावंडांत बारा डेसिबलचा फरक आहे, आणि दुकानातल्या जाहिरातफलकावर तो कोठेही दिसत नाही. म्हणून साउंड कार्डाच्या माहितीपत्रकात नमुनादर वाचण्याऐवजी गेनचा पल्ला वाचण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. माइकच्या अगदी जवळ, चार बोटांच्या अंतरावर बोलावे. अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि हा उपाय फुकट आहे. तेवढ्याने भागले नाही तर माइक आणि साउंड कार्ड यांच्यामध्ये क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड यांसारखे, फँटम पॉवरवर, म्हणजे साउंड कार्डाने माइकच्या तारेतूनच पुरवलेल्या विजेवर, चालून पंचवीस डेसिबलच्या घरात वाढ देणारे उपकरण बसवावे. तिसरा मार्ग अधिक गेनचे साउंड कार्ड घेण्याचा. पण आहे ते यंत्र एरवी ठीक असेल तर त्याची घाई करू नये.

‘त्यापेक्षा कंडेन्सरच घेतो’ असा विचार मनात येणे साहजिक आहे. रस्त्यालगतच्या सदनिकेत राहणाऱ्याने तो आवरावा. कंडेन्सर माइक शेजारच्या कुकरची शिटी, छताचा पंखा आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न हे सारे आपल्या बोलण्याइतक्याच आस्थेने टिपतो.

प्रश्न : आमचा तंतुवाद्ये बनवण्याचा पिढीजात व्यवसाय आहे. बाहेरगावच्या ग्राहकाला तानपुऱ्याची जवारी ऐकवता यावी, इतके स्वच्छ ध्वनिमुद्रण करायचे आहे. मोबाइलवर ती ऐकू येत नाही. (मिरज)

उत्तर : मोबाइलवर ती ऐकू न येण्याची दोन कारणे आहेत. जवारी म्हणजे मूळ स्वरावर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांची सतत बदलती गर्दी. मोबाइलमधील आवाज सुधारण्याची यंत्रणा सौम्य, सलग चालणाऱ्या आवाजाला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबते, आणि पातळी आपोआप वरखाली करून तारेची झणझण सपाट करते. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; असे वाद्य मोबाइलवरच्या नमुन्यावरून विकले जाऊ नये, हे आपले म्हणणे रास्त आहे.

वर आम्ही खर्च टाळायला सांगितले, पण येथे सल्ला उलट आहे. तानपुऱ्याचा आवाज हळू असतो, त्यामुळे प्रीॲम्प वाढवावा लागतो आणि त्याचा स्वतःचा सुरसुराट वर येतो. माहितीपत्रकात हा सुरसुराट ईआयएन या नावाने दिलेला असतो. उणे १२७ किंवा उणे १२८ डीबीयू असा आकडा असेल तर तो आजच्या मानाने चांगला. परंतु त्याहूनही मोठा भाग माइकचा असतो. पाच डेसिबलांच्या आतला अंगचा गोंगाट असलेला कंडेन्सर माइक, उदाहरणार्थ रोडचा एनटी१, घेतला तर तो मुळातच इतका बलवान संकेत देतो की प्रीॲम्प फार चढवावाच लागत नाही आणि मध्यम किमतीचे साउंड कार्डही पुरते. म्हणून आपण पैशाची वाटणी करताना माइकला मोठा वाटा द्यावा आणि साउंड कार्ड मोटूच्या एम२सारखे, दोन स्वच्छ प्रीॲम्पचे व समोर पातळी दाखवणारा छोटा पडदा असलेले घ्यावे. त्या पडद्याचा उपयोग असा की वाद्य मांडीवर घेऊन बसलेल्या एकट्या माणसाला संगणकाकडे न वळता पातळी दिसते.

माइक भोपळ्यासमोर ठेवण्याचा मोह होतो, पण तेथे घुमारा अधिक आणि जवारी कमी मिळते. घोडीपासून हात-दीड हात अंतरावर, किंचित वरून, तबकडीकडे रोख धरून माइक लावावा आणि तेथून तो दोन्ही बाजूंना सरकवत ऐकावे. ध्वनिमुद्रण झाल्यावर गोंगाट घालवणारे कोणतेही सॉफ्टवेअर त्यावर चालवू नये, कारण मोबाइल जे करत होता तेच ते करील. ग्राहकाला फाइल पाठवताना ती व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश म्हणून न जाता दस्तऐवज म्हणून जाऊ द्यावी.

प्रश्न : एका बंद पडलेल्या स्टुडिओतले आठ चॅनेलचे फायरवायरचे साउंड कार्ड अगदी स्वस्तात मिळते आहे. घ्यावे का? (नाशिक)

उत्तर : आपल्याकडे फायरवायरचे, म्हणजे यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीचे, भोक असलेला आणि त्या यंत्राचा ड्रायव्हर चालवणारा जुना संगणक आधीपासून असेल, तर घ्यायला हरकत नाही, नसेल, तर फुकट मिळाले तरी विचार करावा. ॲपलने असे भोक असलेला शेवटचा मॅकबुक प्रो २०१६ मध्ये विक्रीतून काढला आणि २०२५च्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधारच काढून टाकला, त्यामुळे एकाला एक अडॅप्टर जोडून ते यंत्र नव्या मॅकला लावण्याची जी युक्ती अनेक जण सांगतात ती त्या प्रणालीवर निरुपयोगी आहे. विंडोजच्या टेबलावरच्या संगणकात वेगळे कार्ड बसवता येते, आणि त्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले कार्ड शोधावे असा जाणकारांचा आग्रह असे. पण लॅपटॉपवाल्याला तो मार्गही जवळजवळ बंद आहे. शिवाय उत्पादकाने शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७च्या काळात दिला असेल, तर यंत्रातले प्रीॲम्प कितीही उत्तम असोत, ती पेटी मुकीच राहणार. आरएमई या जर्मन कंपनीने आपल्या जुन्या यंत्रांना पुष्कळ वर्षे ड्रायव्हर पुरवले म्हणून तिची जुनी यंत्रे आजही किंमत धरून आहेत. तो अपवाद आहे.

वापरलेले यूएसबी यंत्र घ्यायचे असेल तर ते आपल्या संगणकाला जोडूनच पाहावे. प्रत्येक इनपुटला माइक लावून बोलावे, गेनचे बटण सावकाश फिरवताना खरखर येते का ते ऐकावे, आणि फँटम पॉवर चालू करून एखादा कंडेन्सर माइक खरोखर चालतो का हे तपासावे. आधीच्या मालकाने आपल्या खात्यावर यंत्राची नोंदणी केलेली असेल तर ती काढून घ्यायला सांगावे.

प्रश्न : स्पीकर आणि साउंड कार्ड जोडले की सतत गुणगुण येते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तर ती फारच वाढते. महागडे साउंड कार्ड घेतल्यास ती जाईल का? (रत्नागिरी)

उत्तर : जाण्याची खात्री नाही, म्हणून आधी कारण शोधावे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर, म्हणजे अगदी खालच्या सुरात येते. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज थांबला तर दोष चार्जर आणि अर्थिंग यांच्यात आहे. लॅपटॉप एका भिंतीवरच्या आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगला असतील, तर दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत. दोन वाटांनी जमिनीला जाणारी अर्थिंग एक वेटोळे तयार करते आणि त्यात गुणगुण शिरते. साउंड कार्डापासून स्पीकरपर्यंतच्या तारा समतोल, म्हणजे तीन वाहकांच्या टीआरएस जोडणीच्या असाव्यात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा जुना कीबोर्ड जोडताच गुणगुण सुरू होत असेल, तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि साउंड कार्ड यांची थेट विद्युत जोडणी तोडून केवळ संकेत पुढे देणारी डबी, घालावा. तो साउंड कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

काही जण या त्रासावर उपाय म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण जाते, पण माइकचे लोखंडी शरीर हातात धरलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो. हे कधीही करू नये.

इन्व्हर्टरबाबत सांगायचे तर, स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर न देता चौकोनी वळणाची लहर देतो आणि तिच्यातले वरचे अंश प्रत्येक तारेत घुसतात. साइन लहरीचा इन्व्हर्टर नसेल, तर वीज गेलेली असताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवून, यूएसबीवरच चालणाऱ्या साउंड कार्डाने आणि हेडफोनवर काम करावे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही अशीच झिणझिण निर्माण करतो. पंखा मधल्या वेगावर असताना ती वाढते आणि पूर्ण वेगावर नाहीशी होते, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

प्रश्न : माझी यूएसबी-सी जोडणीची साउंड कार्डे पाहणे चालू आहे. साध्या यूएसबीपेक्षा ती वेगवान असतात ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सी हा केवळ जोडणीचा आकार आहे. दोन चॅनेलची बहुतेक यंत्रे आतून यूएसबी २.०च्याच वेगाने चालतात आणि त्यांना त्याहून अधिक लागतही नाही : दोन चॅनेल आत आणि दोन बाहेर, तेही १९२ किलोहर्ट्झवर, धरले तरी सेकंदाला सुमारे १८ मेगाबिट होतात आणि यूएसबी २.०ची क्षमता ४८० आहे. साउंड कार्ड लॅपटॉपच्या भोकालाच थेट जोडावे, स्वस्त हबला नको, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

प्रश्न : अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना झूमवर गाणे शिकवते. साउंड कार्ड घेतल्यास त्यांच्याबरोबर एकत्र गाता येईल का? तानपुरा आणि माझा आवाज दोन्ही नीट पोचवण्यासाठी काय करावे? (डोंबिवली)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि दुकानदाराने काहीही सांगितले तरी ते बदलणार नाही. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास असल्याने तार अगदी सरळ टाकली असती तरी एका बाजूने साठ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षातला वळसा आणि झूमची स्वतःची प्रक्रिया धरता आपला आवाज तेथे जाऊन विद्यार्थ्याचा आवाज परत येईपर्यंत पाव सेकंदाहून अधिक काळ सहज जातो. द्रुत तीनतालात तेवढ्यात एक मात्रा निघून जाते.

दुसऱ्या कामासाठी मात्र साउंड कार्डाचा चांगला उपयोग होतो. लूपबॅकची सोय असलेले यंत्र घ्यावे. मोटूच्या एम२मध्ये आणि स्कारलेट २आय२च्या चौथ्या पिढीत ती आहे. लूपबॅकमुळे संगणकावर वाजणारा तानपुरा आणि माइकवरचा आपला आवाज एकत्र होऊन झूमला जातात आणि तानपुरा स्पीकरवर वाजवून तो माइकने पुन्हा उचलण्याची गरज राहत नाही. एक खबरदारी घ्यावी लागते : लूपबॅकमध्ये संगणकावर वाजणारे सारेच मिसळते, त्यामुळे झूममधून येणारा विद्यार्थ्याचा आवाज त्याच वाटेने त्याला परत ऐकू जाऊ शकतो. ज्या यंत्रावर हे टाळता येत नाही, तेथे तानपुरा मोबाइलवर लावून तारेने साउंड कार्डाच्या दुसऱ्या इनपुटला द्यावा. हा मार्ग दिसायला साधा असला तरी अधिक भरवशाचा आहे. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठीचा ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय चालू करावा, नाहीतर झूम तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून कापत राहील. त्याच पर्यायात प्रतिध्वनी रोखण्याची सोय बंद केली तर दोन्ही बाजूंनी हेडफोन लावणे आवश्यक होते.

ठेका धरून शिकवायचा असेल तेव्हा तालयंत्र विद्यार्थ्याच्या बाजूला चालू ठेवायला सांगावे. आपल्याकडे ठेका आणि त्याचे गाणे दोन्ही सारख्याच उशिराने पोचतात, म्हणून ते एकमेकांशी जुळलेले ऐकू येतात आणि त्याची लय खरोखर कोठे सुटते हे आपल्याला नेमके कळते.